टेपने गिळलेली अर्धी ओळ

बस. स्टूल डगमगतं, डावीकडे भार देऊ नकोस.
ओलोंगापोत व्हिडिओके मशीनं दुरुस्त करणारे आम्ही तिघं,
पण या गाण्याची सगळी रूपं ठेवलीत ती मी एकट्यानं.
नंबर चव्वेचाळीस एकाहत्तर.

आधी मूळ ऐक.
टेनेसीकडचा कुणी गायक, पियानो, मागे जेमतेम व्हायोलिनं.
तो काही करत नाही. उभा राहतो आणि सांगतो:
मी परत येईन तेव्हा
विचारू नकोस
कुठे होतो ते.
मधल्या ओळीआधी त्याचा श्वास ऐकू येतो,
गंजका कोयंडा सरकवावा तसा.

हे स्वीडनच्या बाईचं.
धुतलेल्या काचेसारखा गळा, श्वास पुसून टाकलेला.
सूर तसूभर ढळत नाही
आणि तिथंच माझा विश्वास उडतो:
ही बाई कुठे गेलीच नव्हती.

हे नाचायचं. ढाकढिक ढाकढिक.
यात विचारायला उसंत कुणाला?

हा सेबूचा पोरगा, अकरा वर्षांचा, टीव्हीच्या स्पर्धेतला.
एकट्या 'कुठे'वर सतरा हरकती.
परीक्षक रडत होते, मी मोजत होतो.

टागालोगमध्ये कुणीतरी 'विचारू नकोस'चं
'रागावू नकोस' करून टाकलंय.
मात्रेत बसवायला केलं असेल.
पण रागावणं वेगळं रे. राग जेवणापर्यंत निवतो.

मॉलच्या लिफ्टमधलं बासरीवरचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस.
शब्दच नाहीत, तरी भाजीच्या पिशव्या धरलेल्या बायकांचे
ओठ हलतात. चौथ्या मजल्यापर्यंत.

आता माझ्या आईचं.
याची टेप नाही, मी सांगतो तेवढंच.

नानाय लिओनिला. तळ होता तेव्हा बारमध्ये गायची,
चंदेरी सँडल, एक पट्टा सुतळीनं बांधलेला.
इंग्रजी येत नव्हतं. एका कॅसेटवरून
गाणं पाठ केलं, ध्वनी ध्वनी वेचून,
तांदळातले खडे वेचावेत तसं.
आणि ती कॅसेट नेमकी तिथंच मशीननं चावलेली.
मी परत येईन तेव्हा
(खर्र्)
कुठे होतो ते.
तिला वाटलं, गाणंच असं आहे.
तेवढे ठोके ती गप्प उभी राहायची, माइक छातीशी.
आणि त्या गप्प जागेत
जहाजावरची ती सगळी पोरं, तोंडाला बिअरचा फेस,
एका सुरात ओरडायची: विचारू नकोस!
तिला वाटायचं, आवडलं म्हणून ओरडतात.

मग तळ गेला.
बारचं आधी गोदाम झालं, मग दातांचा दवाखाना.
ती या दुकानात, या स्टुलावर बसून गायची,
आणि ती जागा रिकामीच ठेवायची.
मशीन दर वेळी तेवढे गुण कापायचं. एकसष्ट. त्रेसष्ट.
(खोकणाऱ्या दारुड्याला एकदा अठ्ठ्याण्णव दिलेत त्यानं.)
शब्द पडद्यावर यायचे, निळे होऊन निघून जायचे.
ती वाचायची नाही.
मीही कधी सांगितलं नाही.
माझे डोळे हिरवट आहेत, बघतोस ना.
या घरात विचारणं आम्ही दोघांनीही
कधी शिकलोच नाही.

वारली त्याला चार वर्षं झाली.

परवा समोर, आलिंग पासिंगच्या दुकानापुढं,
जुनरे गात होता. नऊ वर्षांचा, नाक वाहतंय,
दोन पेसोंचं नाणं टाकून चव्वेचाळीस एकाहत्तर.
मी परत येईन तेव्हा
आणि थांबला.
पडदा निळा झाला, पांढरा झाला.
भोवतालची पोरंही थांबली, तेवढेच ठोके,
आलिंग पासिंगचा हात साबणाच्या वडीवर तसाच.
मग सगळे मिळून: कुठे होतो ते.

पासष्ट गुण.
तो मशीनला लाथ घालून ओरडला, बिघडलंय हे!
दुरुस्त कर म्हणून मला बोलावलं.

मी गेलो. मागचं झाकण उघडलं,
जरा धूळ फुंकली,
आणि झाकण परत लावून टाकलं.